आवाज न करणारा पंखा

झाशी, २२ ऑगस्ट २००५

यज्ञा,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी काम. मला कंप्यूटर घ्यायचा आहे. कंपनीचा बंद खोक्यातला नको, तो आपल्याला झेपणार नाही. सुटं सुटं सामान घेऊन जोडलेला. त्याला काय काय लागतं, कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही, ते एका कागदावर लिहून पाठव. नावं मोठ्या अक्षरांत लिही, म्हणजे मला दुकानदाराला बोटानं दाखवता येतील.

कशाला, ते सांगते. अण्णांच्या घशात कॅन्सर आहे. होळीपासून आवाज बसलेला होता. आम्ही मुलेठी चघळत बसलो आणि मीठ-पाण्याच्या गुळण्या करत बसलो. शेवटी ग्वाल्हेरला नेलं. डॉक्टर म्हणाला, आवाजाची पेटी पूर्ण काढावी लागेल. काढली तर माणूस राहील, बोलणं राहणार नाही. मी म्हटलं, उद्याच काढा. अण्णांनी दसऱ्यानंतरची तारीख मागून घेतली. म्हणाले, गणपती आणि नवरात्र माझ्या आवाजात होऊ दे, मग न्या काय न्यायचं ते. डॉक्टर नाराज होता. पण मला विचारतो कोण.

आपल्या देवीच्या आरत्या आता त्यांच्याशिवाय कोणाला पूर्ण येत नाहीत. देवळात ते सुरू करतात आणि बाकीचे मागून ओढत येतात. तुझ्या वयाची मुलं नुसती तोंडं हलवतात, मराठी समजते त्यांना, जिभेवर येत नाही. पेटी काढली की सगळं गेलं. म्हणून त्यांचा आवाज भरून ठेवायचा आहे. आबासाहेबांची कॅसेट आठवते ना. तुझे आजोबा त्यात आता पाण्यात बुडून बोलल्यासारखे वाटतात, आणि मागच्या वर्षी ती पट्टीच टेपमध्ये गुंतली. कंप्यूटरमधलं झिजत नाही म्हणतात.

शेजारची इंदुमती म्हणाली, "नवी टेप आण की, दुर्गे. पण त्यासाठी पोराला पत्र लिहावं लागलं नसतं." तिला तोंड फार आहे.

अण्णांना मी तुझं नाव सांगितलेलं नाही. इंदूच्या भोपाळच्या भाच्याला विचारते आहे असं सांगितलंय. तू उत्तर इंदूच्या पत्त्यावर पाठव. फोन करू नकोस. फोन त्यांच्या खुर्चीशेजारी आहे आणि तुझा आवाज ऐकला की ते कसा ठेवतात ते तुला माहीत आहे.

एक गोष्ट लिहूनच टाकते, नाहीतर पत्रात मधेमधे डोकावत राहील. रेल्वेची लागलेली नोकरी सोडून तू पुण्याला कंप्यूटर दुरुस्त करायला गेलास, तेव्हा बाप असून ते देवळात सगळ्यांपुढे म्हणाले होते, आमच्या घरातून एक नग नापास निघाला. वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये जन्म काढलेला माणूस. येणारा प्रत्येक नट उजेडात धरून बघायचा आणि पास की नापास म्हणायचं, हेच केलं. घरात पण तेच शब्द. तू ते विसरलेला नाहीस. विसर असं मी म्हणत नाही. कागद पाठव.

आशीर्वाद लिहायला जागा उरली नाही.

आई


झाशी, ५ सप्टेंबर २००५

यज्ञा,

कागद मिळाला. दोन्ही बाजूंनी भरलेला आहे, आणि अण्णा कसे आहेत एवढं विचारायला तुला त्यात जागा सापडली नाही. असो. मी पण आशीर्वाद लिहिले नव्हते.

सदर बाजारात रघुनाथच्या दुकानात गेले. तो आधी टायपिंग शिकवायचा, आता कंप्यूटर जोडतो. मला बघून त्यानं सगळ्यांत आधी काय काढलं, तर निळे दिवे लागणारी पेटी. "चाचीजी, बच्चे पसंद करते हैं." मी म्हटलं, घरात बच्चे नाहीत, एक आजारी म्हातारा आहे आणि मी आहे, दिवे कोणाला दाखवू. मग तुझा कागद पुढे केला. त्यानं वाचला आणि तोंड जरा बंद झालं.

तू लिहिलंस की पडदा जुना चालेल, प्रोसेसर स्वस्तातला चालेल, पण वीज देणारा डबा, तो पॉवर सप्लाय, स्वस्तातला घेऊ नको, झाशीची लाइट त्याला महिन्यात खाईल. आणि नुसत्या नावावर जाऊ नको, हातात धरून बघ, चांगला असतो तो जड असतो. रघुनाथनं दोन डबे पुढे ठेवले आणि म्हणाला दोन्ही सारखेच. हातात धरून मला काही कळेना. मी दोन्ही उचलले आणि शेजारच्या किराणावाल्याच्या तराजूत घातले. रघुनाथ मागून धावत आला. "अरे चाचीजी, ये लौकी थोड़े ही है." मी म्हटलं, दुधी निदान बाहेरून दिसतो तरी कसा आहे तो. एक पारडं खाली गेलं. तो घेतला. किराणावाला हसत होता, मी नव्हते.

आता पंख्याचं. प्रोसेसरवर बसतो तो पंखा त्याच्या खोक्यातच फुकट येतो, रघुनाथनं दाखवला. तू लिहिलंयस तो नको, हा अमुकच हवा, आवाज न करणारा. रघुनाथ म्हणतो असला पंखा मी आजवर विकला नाही, दिल्लीहून मागवावा लागेल, आणि फुकटचा असताना तुम्ही वेड्या आहात का. मला पण तसंच वाटलं. पंख्याला कोण बघतो. पण तू त्याच्याखाली दोन रेघा मारल्या आहेस, म्हणून मागवायला सांगितला. बायकांच्या कमेटीची भिशी ह्याच महिन्यात माझ्या नावानं उघडली, त्यात बसतंय. जास्तीचं विचारू नकोस.

गणपती परवा बसतात. सामान अनंत चतुर्दशीच्या आत घरात यायला हवं, नंतर पितृपक्ष लागतो, अण्णा नवी वस्तू उंबऱ्याच्या आत घेऊ देणार नाहीत.

त्यांची तब्येत तू विचारली नाहीस, पण लिहिते. जेवण कमी झालंय. पोळी दुधात भिजवून देते. आवाज सकाळी असतो, दुपारी खरखर होते, संध्याकाळी हातानं बोलतात.

आई


झाशी, २० सप्टेंबर २००५

यज्ञा,

ह्या वेळी विचारलंस, कॅन्सर नक्की आहे का. हो, आहे. तुला काय वाटलं, मी सर्दीसाठी एवढे कागद काळे करते आहे?

यायचं म्हणतोस. थांब जरा. मी त्यांना अजून विचारलेलं नाही, कसं विचारायचं ते मला कळत नाही. तू दारात आलास आणि त्यांनी तोंड फिरवलं, तर पुढे सगळा वेळ तेच मनात राहील, तुझ्याही आणि त्यांच्याही. आधी आवाज भरून होऊ दे.

सामान आलं. विसर्जनाच्या दिवशी रघुनाथ स्कूटरवर खोकी बांधून घेऊन आला. त्या संध्याकाळी देवळात अण्णा उभे राहिले. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. कोणालाच पुढचं येत नव्हतं म्हणून सगळे थांबले. मग त्यांनी घोटभर पाणी घेतलं आणि शेवटपर्यंत म्हटली, नुसता वारा होता, शब्द ओठांवरून कळत होते. घरी येताना रिक्षात म्हणाले, "नवरात्रापर्यंत सुधारेल." मी बोलले नाही म्हणजे तूच समज.

आता खोकी पडून आहेत. पितृपक्षात नवं काम सुरू करायचं नाही. मी म्हटलं, घसा पितृपक्ष बघत नाही. तर म्हणाले, "सुरू करायचं नाही. तपासून घ्यायला हरकत नाही." आणि बाबा रे, तेव्हापासून हा माणूस जागचा हलत नाही. एक एक खोकं उघडतात, चष्मा कपाळावर, वस्तू उजेडात धरतात, बिलाशी ताडून बघतात. सगळं बसवायची ती हिरवी पाटी त्यांनी दोन्ही बाजूंनी एवढा वेळ बघितली, तेवढा वेळ लग्नाआधी मला बघितलं नव्हतं. पॉवर सप्लाय हातात घेतला, वर-खाली केला, म्हणाले, "वजन बरोबर आहे. कोणी निवडला?" मी म्हटलं, मी, तराजूत घालून. त्यांना हसू आलं आणि हसताना ठसका लागला, तो बराच वेळ थांबला नाही. रुमाल मी धुतला. त्यात काय होतं ते लिहीत नाही.

पंखा मात्र नुसता बघितला. नखानं एकदा फिरवला आणि ठेवून दिला.

आई


झाशी, ७ ऑक्टोबर २००५

यज्ञा,

घट बसले त्याच दिवशी दुपारी रघुनाथला बोलावलं. त्यानं जमिनीवर चादर टाकून सगळं जोडलं. अण्णा खुर्ची ओढून त्याच्या डोक्यावर बसले. तो एक स्क्रू विसरला तर ह्यांनी काठीनं दाखवला. रघुनाथ मला आत येऊन म्हणाला, "चाचीजी, अंकलजी रिटायर हुए हैं कि नहीं?"

चालू झाला. मी पेटीला हात लावला तर सणकन झिणझिण्या आल्या कोपरापर्यंत. रघुनाथ म्हणाला, इतना तो चलता है, चप्पल पहन लीजिए. अण्णांनी कागदावर लिहिलं, "नापास." संध्याकाळी ते बोलत नाहीत, लिहितात. आणि आवाज भरून बघितला तर बोलण्यामागे सारखी घूंऽऽ अशी घरघर, भुंगा अडकल्यासारखी. रघुनाथ म्हणाला माइक स्वस्तातला आहे. तू मागच्या पत्रात लिहिलंच होतंस की घरघर आली तर आधी घराचं अर्थिंग बघा. अंगणात तुळशीमागे खड्डा खणवला, कोळसा आणि मीठ भरलं, तार पुरली. त्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं काम माझ्याकडे. झिणझिण्या गेल्या, भुंगा पण गेला. अण्णांना सांगितलं इंदूच्या भाच्यानं सुचवलं. ते म्हणाले, "भाचा हुशार दिसतो." माझ्याकडे बघून नाही म्हणाले, खड्ड्याकडे बघून.

मग मेमरी. तिची तपासणी लावून ठेवली तर अर्ध्या दिवसानं पडद्यावर लाल ओळी. रघुनाथ म्हणाला, "अंकलजी, कभी-कभी एकाध पीस निकल जाता है." अण्णा सकाळच्या आवाजात म्हणाले, "हमारे यहां नहीं निकलता था, भैया." बदलून दिली बिचाऱ्यानं. नवीवर परत पहिल्यापासून तपासणी. लाल ओळ आली नाही.

पण आवाज अजून भरलेला नाही. हेच तुला सांगायचं होतं, बाकीचं सगळं मी उगाच लिहिलं. मी रोज मागे लागते. म्हणतात, यंत्र पूर्ण पास झाल्याशिवाय मी आरती म्हणणार नाही, अर्ध्यावर बंद पडलं तर परत म्हणायला माझ्याकडे घसा नाही. ते पण खरंच आहे. मी म्हटलं, मग आरती म्हणूनच चाचणी घ्या. तर डोळे वटारले. "देवाचं चाचणीला वापरू? पारोश्यानं, खोकत?" मग ते माइकसमोर बसून काय म्हणतात, तर सामानाची नावं. पेटी एक नग, मेमरी एक नग. ऐकतात, मान हलवतात आणि पुसून टाकतात. मी विचारलं, पुसता कशाला. म्हणाले, "चाचणीचा माल साठ्यात धरत नाहीत." असलेला आवाज असा रोज थोडा थोडा पुसायला घालतो आहे हा माणूस.

रघुनाथनं बॅटरीचा डबा पण लावून दिलाय. लाइट गेली की तो कुंईकुंई रडतो, तेवढ्यात सगळं नीट बंद करायचं. मला इंग्रजी येत नाही, म्हणून त्यानं शिकवलं, पडद्यावर चौकोन येतील, डावीकडचा दाबायचा आणि मग बंद. अण्णांची बोटं थरथरतात, त्यामुळे हे काम पण माझंच.

दसऱ्याच्या सकाळी भरायचं ठरलंय. आंघोळ करून, सोवळ्यात. बघू.

आई


झाशी, ११ ऑक्टोबर २००५, खंडेनवमी

यज्ञा,

फार रागात लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर तुझं तू बघ.

आज सकाळी त्यांचा आवाज मोकळा होता. कितीतरी दिवसांनी असा होता. अंथरुणातूनच हाक मारली, "दुर्गे, पाणी," आणि मी स्वयंपाकघरात दचकले, एवढी स्पष्ट. मी म्हटलं, उठा, आंघोळ करा, आत्ताच्या आत्ता म्हणून घ्या. उठले, आंघोळ केली. आणि माळ्यावरून तलवार काढून आणायला सांगितली.

तुला माहीत आहे आपल्याकडे काय करतात. तलवार, तुझे जुने पेचकस, माझी शिलाईची कात्री, सगळं पाटावर. आणि ह्या वर्षी मधोमध कंप्यूटर. हळदकुंकू, झेंडूची माळ, आपट्याची पानं. आणि पूजेला मांडलेल्या शस्त्राला त्या दिवशी कामाला लावायचं नाही. मी म्हटलं, हे शस्त्र नाही, पेटी आहे. म्हणाले, "आता घरात ज्याच्यावर काम होणार ते शस्त्र." मी म्हटलं, आज आवाज आहे, उद्याचं कोणी पाहिलं. म्हणाले, "वर्कशॉपमध्ये साहेब लोकांनी सांगून पाहिलं, आम्ही नवमीला लेथला हात लावला नाही. उद्या सीमोल्लंघनाला पहिलं काम देवीचं." मी पाटावरची माळ ओढून काढणार होते, खरं सांगते. इंदूनं हात धरला.

ती तलवार कोणी शेवटची चालवली ते आपल्या घरात कोणाला माहीत नाही. भाजी पण चिरणार नाही ती. तिच्यासाठी आजचा आवाज वाया गेला. दिवसभर ते मोकळ्या आवाजात बोलत होते, इंदूशी, दूधवाल्याशी, फालतू. मी कामं करत ऐकत होते.

काल दुपारी पण असंच. माइकसमोर चाचणी चालली होती आणि मधेच लाइट गेली. बॅटरीचा डबा रडायला लागला, मी धावत जाऊन चौकोन दाबला आणि बंद केलं. म्हणजे कालची चाचणी पण अर्धवट. ते म्हणाले, "राहू दे, आता दसऱ्यालाच उघडू."

उद्या सकाळी. आता उद्याच.

आई


ग्वाल्हेर, २० ऑक्टोबर २००५

यज्ञा,

इंदूनं तुला फोनवर सांगितलंच आहे. तरी माझ्या हातानं लिहिते.

दसऱ्याला पहाटे ते आंघोळीला उठले आणि बंबापाशी बसले ते उठेनात. श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजत होता. मला वाटलं किटली उकळते आहे. रघुनाथनं कोणाची तरी गाडी आणली, सणाच्या दिवशी, हार घातलेली. इथे आणल्याबरोबर डॉक्टरांनी मानेला पुढून भोक पाडलं, श्वास घ्यायला. मग परवा पेटी काढली. डॉक्टर म्हणतो ऑपरेशन चांगलं झालं. त्याच्या दृष्टीनं झालंच.

आवाज भरायचा राहिला. आरत्या गेल्या. एक पण नाही.

मी त्यांना ह्यावरून काही बोलले नाही. बोलून कोणाला ऐकवू, उत्तर देता येत नाही अशा माणसाशी भांडायची मला सवय नाही. तेच माझ्याकडे बघत होते. पाटी दिली आहे हातात, शाळेतल्या पोरासारखी. त्यावर पहिल्यांदा काय लिहिलं असेल? "यंत्र बंद आहे ना नीट?" मी मान हलवली आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

तू तिकीट काढलंयस, इंदू म्हणाली. म्हणून काल मी विचारलं. यज्ञाला बोलावू का. त्यांनी पेन्सिल घेतली. मग लिहिलं, "असा नको." खाली गळ्याकडे बोट दाखवलं. म्हणजे तू नको की त्यांना असं बघायला नको, ते मी विचारलं नाही. नर्स गळ्यातला कफ नळीनं ओढून काढायला आली. तिकीट परत कर.

आई


झाशी, ८ नोव्हेंबर २००५

यज्ञा,

दिवाळीच्या आधी घरी आलो. दिवे लावले, इंदूनं चिवडा दिला, तो तसाच आहे. अण्णा गळ्यावर पातळ फडकं बांधून बसतात. खोकला आला की तोंडातून येत नाही, तिथून येतो, मला अजून सवय झाली नाही. फोन वाजला की ते त्याच्याकडे बघतात आणि मी उचलते. देवळातून कोणी ना कोणी येऊन जातं, मोठ्यानं बोलतात, जसे काही ह्यांचे कानच गेलेत.

कंप्यूटरवरची झेंडूची माळ तशीच वाळून राहिली होती. मी ती काढली नव्हती. त्या पेटीकडे बघितलं की मला हातोडा घ्यावासा वाटायचा. काल रघुनाथ आला, म्हणाला, "चाचीजी, नहीं चलाना है तो मैं वापस ले लूं? बेकार पड़ा है." मी म्हटलं ने. त्यानं नेण्याआधी एकदा लावून बघितला, सगळं बरोबर आहे का ते. अण्णा आत झोपले होते. रघुनाथ बघता बघता थांबला. म्हणाला, यात एक आवाज पडून आहे.

मला वाटलं ह्यांच्याकडून काहीतरी पुसायचं राहिलं. मग कळलं. नवमीच्या आदल्या दिवशीचं ते. लाइट गेली, मी डावीकडचा चौकोन दाबला, तो ठेवायचा चौकोन होता. मला काय माहीत. आणि दुसऱ्या दिवशी यंत्र पूजेला बसलं, म्हणून पुसायला त्यांचा हात पोचला नाही.

आरती नाही आहे त्यात. आशा लावू नकोस. काय आहे ते मी रघुनाथला परत परत लावायला सांगून लिहून घेतलं आहे, जसंच्या तसं.

आधी खुर्ची ओढल्याचा आवाज. मग ते म्हणतात, "नग पहिला, पेटी. ओरखडा नाही. पास. पॉवर सप्लाय, वजन बरोबर. पास. मेमरी, बदलून आलेली. पास." मागून माझा आवाज, "चहाचं पाणी होतंय." ते म्हणतात, "थांब, माल उतरतोय." मी काहीतरी आपटते. मग, "पंखा. एक नग." मग काही नाही. श्वास ऐकू येतो नुसता, खरखरीत. मग म्हणतात, "आवाज नाही. रघुनाथनं हा निवडलेला नाही. फुकटचा येतो तो सोडून हा घ्यायला सांगणारा…" इथे खोकतात, फार वेळ. "माझा आवाज किती खाली गेलाय, ते त्याला न ऐकता कळलं. पंखा वाजला असता तर मी ऐकू आलो नसतो." परत काही नाही. मला वाटलं संपलं. मग अगदी माइकजवळ येऊन, हळू, "पास." आणि लगेच कुंईकुंई सुरू, आणि "दुर्गे, लाइट गेली."

एवढंच आहे.

मी रघुनाथला म्हटलं यंत्र नेऊ नको. त्यानं माळ उचलून बाहेर टाकली आणि तो गेला.

अण्णांना मी ऐकवलं नाही. त्यांनी ते पुसायला सांगितलं असतं, चाचणीचा माल म्हणून. रघुनाथनं त्याची सीडी काढून दिली, ती ह्या पाकिटात दोन पुठ्ठ्यांमध्ये घातली आहे. पोस्टात मोडली तर कळव, यंत्रात दुसरी आहे.

यायचं असेल तर ये. मी ह्या वेळी त्यांना विचारणार नाही. ओरडणार नाहीत, ओरडायला त्यांच्यापाशी काही राहिलेलं नाही. पाटीवर काय लिहितील ते मला माहीत नाही. कदाचित काहीच लिहिणार नाहीत, आणि तुला समोर बसून राहावं लागेल. डॉक्टर पुढच्या महिन्यात परत बोलावतो आहे, गळ्याच्या बाजूला एक गाठ आहे असं म्हणतो. हे मी आधी लिहिलं नव्हतं.

दुपारी ते झोपले की मी कंप्यूटर लावून त्याच्यापुढे बसते. काही करत नाही, मला काही येत नाही त्यातलं. तू लिहिलं होतंस की ह्या पंख्याचा आवाज येत नाही. येतो, यज्ञा. घर पुरेसं गप्प असलं की येतो.

आशीर्वाद.

आई